रजिस्टर्ड ग्राहकाचा आवाज

आमच्या घरात वस्तू कुणीही विकत आणो, ती बाबांच्या नावावर येते. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण तो मोडायची कुणाची छाती झालेली नाही. फ्रिज, गॅस, माझी पहिली स्कूटी, आईचं शिवणयंत्र, सगळ्यांचे मालक बाबा. शिवणयंत्राचा मेकॅनिक आला की आईला ‘साहेब आहेत का’ विचारायचा, आणि ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही ते साहेब बाहेर येऊन यंत्राचं काय बिघडलंय ते त्याला समजावून सांगायचे. त्यामुळे दिवाळीच्या पाडव्याला डोंबिवलीच्या दुकानात लॅपटॉप घेताना काउंटरवरच्या माणसाने नाव विचारलं, तेव्हा मी विचारही न करता बाबांचं नाव सांगितलं, त्यांचाच मोबाइल नंबर दिला, दुसरा संपर्क म्हणून आईचं नाव टाकलं आणि पेढा खाल्ला. लॅपटॉप बाबांसाठीच होता, तेव्हा यात चूक काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

बाबांना बोलता येत नाही, हे इथेच सांगायला हवं. घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यावर एक छिद्र आहे, श्वास तिथून चालतो, आणि त्यावर आईने शिवलेला मऊ मलमलचा रुमाल असतो. हे ज्याच्या वाट्याला आलं तो माणूस बोलण्यावर जगलेला. नोकरी सरकारी कचेरीत टायपिस्टची, पण ती पोटापुरती. खरे बाबा दिसायचे ते शनिवार-रविवारी, टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये, मैदानाच्या कडेला बांधलेल्या मांडवात माइक धरून बसलेले. ठाण्यापासून पार कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडच्या गावांपर्यंत कुठेही स्पर्धा असली की समालोचनाला बाबा. बॅटिंगला कोण आलाय, त्याचा मामा कोण, गेल्या आठवड्यात चुलतभावाच्या हळदीत तो कसा नाचला, हे सगळं ते दोन चेंडूंच्या मधल्या वेळात सांगायचे. क्रिकेट न कळणाऱ्या बायकासुद्धा घरातली कामं आवरत त्यांचं ऐकायच्या.

ऑपरेशननंतर त्यांनी मोबाइलवर लिहून बघितलं. औषधांनी बोटांची टोकं बधिर झालेली, एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची दोन उमटायची. ते वाक्य पुरं करेपर्यंत घरातला विषय बदललेला असायचा. म्हणजे दुधीच्या भाजीबद्दल त्यांचं मत यायचं तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या निरोपापर्यंत पोचलेलो असायचो. पण मोठा कीबोर्ड पुढे ठेवला की हाच माणूस दहा बोटांनी धडाधड टाइप करायचा. आयुष्यभराची सवय, बोटांना डोळे फुटलेले. म्हणून मी लॅपटॉप घेतला आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात टाकलं. त्यात मराठी आवाज एकच मिळाला, तो बाईचा. तोही अगदी शुद्ध, सौम्य, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. बाबांनी पहिल्या दिवशी टाइप केलं, ‘चहात साखर कमी आहे.’ बाईने ते नम्रपणे ऐकवलं. आई म्हणाली, “आता ही कोण मला सांगणार?”

पण महिन्याभरात सगळ्यांना त्या बाईची सवय झाली. बाबांच्या शिव्यासुद्धा तिच्या तोंडून निवेदनासारख्या यायच्या. सोसायटीच्या मीटिंगला ते लॅपटॉप घेऊन जायला लागले आणि सेक्रेटरीची पूर्वीसारखी पळापळ सुरू झाली. मग बाळकुमचे काका, म्हणजे बाबांचे मांडवातले कायमचे जोडीदार, एका छोट्या स्पर्धेला त्यांना उचलूनच घेऊन गेले. लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि बाबांनी थोड्या ओव्हर्स समालोचन केलं. पोरं हसली, शिट्ट्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या पुढच्या एका गावातून फोन आला की आमच्या फायनलला त्या बाईंना घेऊन बाबांनीच यायचं. बाबांनी नवी टोपी आणली. ती टोपी घालून ते घरात आरशासमोर उभे राहिलेले मी पाहिलं, आणि मला खरंच खूप आनंद झाला. फायनलपर्यंत लॅपटॉप धड राहावा, एवढंच आता हवं होतं.

नेमकं तेवढंच झालं नाही. आधी अधूनमधून पंख्याचा घोगरा आवाज यायचा. मग तापला की काहीही न सांगता सवरता बंद पडायला लागला. बंद पडायचा तोही नेमका वाक्याच्या मधे. मीटिंगमध्ये बाबा सेक्रेटरीला म्हणाले, म्हणजे बाई म्हणाली, “तुमच्यासारखा माणूस मी उभ्या आयुष्यात,” आणि स्क्रीन काळी. सेक्रेटरी त्याला अजून स्तुती समजतात आणि जिन्यात भेटले की बाबांना वाकून नमस्कार करतात.

वॉरंटी होती. तिचं नाव काहीतरी ‘संपूर्ण निश्चिंत’ छापाचं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आधी कंपनीच्या वेबसाइटवरच्या हसऱ्या चेहऱ्याच्या रोबोशी बोलावं लागलं. तो म्हणाला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा. मी लिहिलं, तो स्वतःच बंद होतो हीच तक्रार आहे. तो म्हणाला, छान, तुमची अडचण सुटली याचा आम्हाला आनंद आहे. वर हृदयाचं चित्र.

मग आम्ही बाप-लेक वागळे इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे इतका एसी की लोक दुरुस्तीला आलेत की साठवणीला, ते कळू नये. काउंटरवरच्या टाय लावलेल्या इंजिनिअरने लॅपटॉप उघडला, आणि तो शहाण्यासारखा चालायला लागला. मूल घरी तापाने फणफणतं आणि डॉक्टरच्या दारात खेळायला लागतं, तसं. इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे प्रॉब्लेम रिप्रोड्यूस होत नाहीये.” बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि टाइप केलं. बाई गोड आवाजात म्हणाली, “कोपरीला घरी चला, तिथे होतो. जेवूनच जा.” इंजिनिअरने मला बाजूला घेऊन सुचवलं की सरांनी लॅपटॉप शक्यतो एसीतच वापरावा. मी विचारलं, क्रिकेटच्या मैदानाला एसी कुठून लावू? तो म्हणाला, तो यूजरचा प्रश्न आहे.

चार दिवसांनी लॅपटॉप कायमचाच गेला. आता तरी प्रॉब्लेम त्यांना दिसला. मदरबोर्ड बदलावा लागेल, पार्ट मागवलाय, असं सांगून त्यांनी तो ठेवून घेतला. पार्ट कुठे आहे विचारलं, तर म्हणे भिवंडीच्या गोदामात. कोपरीहून भिवंडी ती केवढी लांब? मी म्हटलं मी स्कूटीवरून जाऊन आणते. इंजिनिअरला माझी दया आली. तो म्हणाला, तसं नसतं मॅडम, पार्ट आधी भिवंडीहून बंगळुरूला जाणार, तिथे अलॉट होणार, मग परत भिवंडी, मग आम्ही. मला एकदम पटलं. आमच्याकडे लग्नाच्या याद्यासुद्धा अशाच फिरतात.

इकडे बाबांच्या हातात मुलांची अक्षरं गिरवायची ती पुसता येणारी प्लास्टिकची पाटी आली. बधिर बोटांनी त्यावर लिहिलेलं फक्त आईला लागायचं, आणि आई त्यात स्वतःची भर घालून वाचायची. बाबांनी लिहिलेल्या दोन शब्दांचं आई एक अख्खं व्याख्यान करायची, आणि बाबा नुसती मान हलवत राहायचे, ‘असं मी म्हटलंच नाही’ एवढंही त्यांना सांगता यायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी म्हटलं, दुसरा लॅपटॉप घेऊ. बाबांनी पाटीवर एवढा मोठा नकार लिहिला की त्याला आईची मदत लागली नाही. वॉरंटी असताना दुसरा घेणं म्हणजे त्यांच्या मते पंचाच्या चुकीच्या निर्णयावर स्वतःच पॅव्हेलियनकडे चालू लागणं. माझा ऑफिसचा लॅपटॉप देता येईना, कारण घोडबंदर रोडच्या आमच्या त्या काचेच्या इमारतीत बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला बंदी आहे, आणि परवानगीसाठी जो अर्ज करायचा त्याचं उत्तर द्यायला तिथेही एक हसरा रोबोच बसवलाय.

आणि मग त्या पाडव्याच्या पेढ्याची फळं दिसायला लागली. पार्ट आला. पण बोर्ड बदलताना डेटा पुसला जाऊ शकतो, त्याला ‘रजिस्टर्ड ग्राहकाची’ तोंडी संमती लागते, आणि ती रेकॉर्डेड कॉलवरच घेतात. कॉल अर्थातच रजिस्टर्ड नंबरवर, म्हणजे बाबांच्या मोबाइलवर येणार. बाबा घरी, मी ऑफिसात. बाबांनी फोन उचलला. पलीकडून मुलगी हॅलो हॅलो करत राहिली. बाबांनी जमेल तसा श्वास सोडला, टेबलावर बोटं वाजवली. तिने फोन ठेवला. संध्याकाळी मेसेज आला: ग्राहकाकडून प्रतिसाद न मिळाल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

मी तक्रार पुन्हा उघडली. पुन्हा फोन, पुन्हा श्वास, पुन्हा बंद. मग मी ऑफिसातून तासभर हिंदी, मराठी आणि शेवटी शिव्यांच्या काठावरचं इंग्रजी वापरून एका मुलीला समजावलं.

“माझ्या वडिलांना बोलता येत नाही. ते लॅपटॉपमधून बोलतात.”

“ओके मॅम, तो सर को बोलिए लॅपटॉप से बात करें.”

“लॅपटॉप तुमच्याकडे आहे.”

“जी मॅम.”

“म्हणजे त्यांचा आवाज तुमच्याकडे आहे. तो परत पाठवा, ते लगेच बोलतील.”

“मॅम, लॅपटॉप तो व्हेरिफिकेशन के बाद ही मिलेगा.”

मी विचारलं, नाव बदलून माझ्या नावावर करता येईल का? येईल. त्यासाठी काय लागतं? रजिस्टर्ड ग्राहकाने फोन करून तसं सांगायचं. ईमेल चालेल का, सही केलेलं पत्र चालेल का, डॉक्टरचं सर्टिफिकेट चालेल का? सुरक्षेच्या कारणास्तव चालणार नाही. शेवटी मी रजा टाकून घरी थांबले, माझ्या मोबाइलवर तसलंच एक बोलणारं अॅप टाकलं, त्यात संमतीचं वाक्य लिहिलं आणि पुढचा कॉल आला तेव्हा बाबांच्या फोनला ते लावून ऐकवलं. तीच सौम्य बाई म्हणाली, “मी रजिस्टर्ड ग्राहक बोलत आहे. माझी संमती आहे.” पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅम प्लीज, सर को फोन दीजिए.” माझं डोकं इतकं फिरलं की मी त्या दिवशी जेवले नाही, आणि ज्याचं नुकसान होत होतं तो माणूस पाटीवर ‘जेव’ लिहून माझ्यासमोर धरत होता.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशेवर राहायला नको. लॅपटॉप मिळाला तो फायनल होऊन गेल्यावर मिळाला. आतलं सगळं पुसलेलं, वर ‘आपल्या समाधानातच आमचं समाधान’ असं स्टिकर. उन्हाळ्यात तो पुन्हा तापायला लागला, आणि सध्या बाबा त्याच्याखाली ओलं फडकं अंथरलेलं ताट ठेवून बोलतात. डोंबिवलीच्या पुढच्या त्या फायनलला बाबा टोपी घालून मांडवात बसले होते, माइक बाळकुमच्या काकांकडे होता. कंपनीने बाबांकडून ती फायनल हिरावून घेतली, हे मी विसरणार नाही आणि माफ तर अजिबात करणार नाही. पण मला खरं सांगायचं आहे ते ज्या फोनने लॅपटॉप सुटला त्या फोनचं.

युक्ती बाळकुमच्या काकांची. रविवारी सकाळी ते मासळी घेऊन आले, सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाले, “मना दे फोन. त्या पोरीला काय म्हाईत कुणाचा आवाज कसा हाय?” आम्हाला हे इतके दिवस सुचलं नव्हतं, कारण आम्ही सुशिक्षित. बाबांनी खांदे उडवले. म्हणजे त्यांची हरकत नव्हती. मी कॉल मागून घेतला, बाबांचा मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि जन्मतारीख वगैरे लिहिलेला कागद काकांपुढे सरकवला. बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत होते. आतून आईच्या मिक्सरचा आवाज येत होता, मासळीचं वाटण चाललं होतं.

“क्या मैं रजिस्टर्ड कस्टमर से बात कर रही हूँ?” मुलीने विचारलं.

काका एकदम ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, “होय, बोलतोय. आपण बोला.”

मला वाटलं होतं ते स्वतःच्या आवाजात बोलतील. पण तो बाबांचा आवाज होता. तसाच जाड, शेवटच्या शब्दाला तशीच मुद्दाम दिलेली ओढ, बोलण्याआधी तोच छोटासा दम. मांडवात चहाची वेळ झाली की काका बाबांची नक्कल करून गावाला हसवायचे, हे मला मागाहून कळलं. वर्षानुवर्षं शेजारी बसून त्यांनी तो आवाज पाठ केला होता. मी बाबांकडे बघायचं टाळलं. मिक्सर थांबला.

आई दारात आली. हाताला ओलं खोबरं तसंच होतं. तिने काकांकडे नाही, आधी बाबांकडे बघितलं. बाबांचं तोंड मिटलेलं होतं. मग तिने काकांकडे बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

काकांनी त्या आवाजात जन्मतारीख सांगितली. पत्ता सांगितला. डेटा पुसायला माझी पूर्ण संमती आहे, हे तर असं सांगितलं की जणू टॉस कुणी जिंकला ते जाहीर करतायत. मुलगी खूश झाली. मग म्हणाली, “सर, लास्ट क्वेश्चन. आपके अल्टरनेट कॉन्टॅक्ट का नाम?”

काकांनी कागदावर बघितलं आणि बाबांच्या आवाजात आईचं नाव घेतलं.

बाबांनी ते नाव कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल तेवढंच. त्यांच्या पिढीत, त्यांच्या घरात, बायकोला नावाने हाक मारत नसत. आईचा चेहरा लाल झाला. या वयात मी तिला लाजताना पहिल्यांदा पाहिलं, आणि ती लाजतेय की रडतेय ते मला कळेना.

“थँक यू सर, आपका व्हेरिफिकेशन हो गया,” मुलगी म्हणाली. “और सर, आपकी आवाज बहुत अच्छी है.”

खुर्चीतून बाबांनी मान झुकवली, गावच्या सरपंचाकडून शाल-श्रीफळ घेताना झुकवायचे तशी. मी फोन बंद केला. काका लगेच स्वतःच्या आवाजात आले. “झालं काम. वयनी, माफी करा, नाव घेतलं तुमचं. कागदावर होतं.”

आईने पदराला हात पुसले. “त्याचं काही नाही,” ती म्हणाली. पुसून झालेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाली, “पण हे नावाने हाक नव्हते मारत, भाऊजी. नुसतं ‘अगं’ म्हणायचे. तसं एकदा म्हणा.”

इतका वेळ नक्कल करणारा माणूस एकदम अवघडला. त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आईने मागितलेली गोष्ट त्यांना देता येत नव्हती आणि दुसऱ्याकडून ती दिली जाणार होती, हे त्यांना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही. मग त्यांनी काकांकडे वळून, मांडवात माइक पुढे करायचे तसा हात केला. बोल.

“अगं,” काका म्हणाले. हळूच.

आई बाबांकडे बघत “आले” म्हणाली, आणि होती तिथेच उभी राहिली.